सतरा नंबरचा बिल्ला

तीनचा खेळ सुटला, बायका आपापली मुलं उचलून जिना उतरल्या, आणि माझ्या गोधडीवर एक मूल उरलं. विसरलेल्या चपलेकडे बघावं तसं मी आधी त्याच्याकडे बघितलं. रोज काहीतरी राहतंच इथे. विणायच्या सुया, पानाचा डबा, एकदा तर एका म्हातारीची कवळी. येईल, म्हटलं, मोरीवर तोंड धूत असेल. या सिनेमाला सगळ्याच तोंड धुऊन घरी जातात. थोड्या वेळाने आत जाऊन बाकांमधून फिरून आले. शेंगांची टरफलं, एक ओला रुमाल. माणूस नाही. परत येऊन मुलाच्या मनगटाला दोऱ्याने बांधलेला पत्र्याचा बिल्ला उलटून बघितला. सतरा. मला अक्षरं येत नाहीत, आकडे चाळीसपर्यंत येतात, कारण बिल्ले चाळीस आहेत. मग कळलं. आणि कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता साडेसहाच्या खेळाआधी मला पाठ टेकायला मिळणार नाही. खरं तेच सांगते. टाकलेलं मूल बघितल्यावर बाई हंबरडा फोडते ती आत, पडद्यावर. बाहेर बाईचे गुडघे दुखत असतात.

चौदा वर्षं मी चिराग टॉकीजच्या जनान्याच्या दाराशी बसते. कानपुरातल्या बायका मला दारवाली अम्मा म्हणतात. रामदेई हे माझं नाव पगाराच्या दिवशीच कोणीतरी घेतं. जनाना वरच्या मजल्यावर आहे, त्याला वेगळा जिना, दाराला जाड पडदा. तान्ही मुलं आत रडली की खालचे पुरुष शिट्ट्या मारतात, म्हणून मुलं माझ्याकडे ठेवायची. एकाच आकड्याचे दोन बिल्ले. एक मुलाच्या मनगटाला, दुसरा आईच्या हातात. सुरुवातीला बिल्ले नव्हते. तेव्हा एक बाई स्वतःची मुलगी ठेवून दुसरीचा मुलगा घेऊन गेली, अंधारात चुकले म्हणाली, आणि तिची सासूही तेच म्हणाली. त्यानंतर मॅनेजर निगमबाबूंनी तेलाच्या डब्यांचे बिल्ले कापून घेतले आणि भिंतीवर लाल रंगात नियम लिहिला. इथे कोणी नाव विचारत नाही, बाप विचारत नाही. बिल्ला दाखव, मूल ने. साऱ्या शहरात एवढी एकच जागा अशी असेल, आणि तीही सिनेमाच्या दारात, मोरीच्या बाजूला.

सिनेमा मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. अकरावा आठवडा, रोज तीन खेळ, पडद्याच्या अलीकडून. लग्नाआधी एका मुलीला मूल होतं, ती ते वादळात टाकून जाते, आणि एक म्हातारा मुसलमान दिवेवाला ते उचलतो. तिसऱ्या रिळाला ते वादळ येतं. गडगडाट असा की माझ्याकडची सगळी मुलं एकदम दचकून उठतात आणि मी बारा-बारा तोंडं एकटी गप्प करत बसते. पुढे शाळेत पोराला बापाचं नाव विचारतात, तिथे बायका मुसमुसायला लागतात. शेवटाकडे म्हाताऱ्याचं भाषण. माणसाच्या रक्ताचा रंग वगैरे. खालून टाळ्या पडतात, वरून नाकं शिंकरल्याचा आवाज येतो. टाळ्या पिटणाऱ्यांत टिळेवाले असतात, दाढीवाले असतात. मग खेळ सुटतो आणि तेच लोक खाली पाणी प्यायला जातात. खाली दोन माठ आहेत. दोन्हींवर काही लिहिलेलं नाही. अकरा आठवड्यांत एकही माणूस माठ चुकलेला नाही.

खालच्या दाराचा शुबराती तिकिटांचे तुकडे गोळा करायला वर आला. त्याने गोधडीकडे बघितलं. "काय अम्मा, हे कोण साहेब मुक्कामाला राहिले?" फडकं उचलून बघितलं आणि पुन्हा नीट झाकलं. "साहेब नाहीत. मेमसाहेब आहेत." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याची थट्टा थांबली. तो निगमबाबूंना बोलवायला गेला. जिन्याच्या तोंडाशी मिसराइन रिक्षाची वाट बघत उभी होती. मिश्रा वकिलांची बायको, या सिनेमाला चौथ्यांदा आलेली, नाक अजून लाल. ती परत वर आली, वाकली, आणि छातीला हात लावून म्हणाली, "आत ते बघितलं आणि बाहेर हे. काळीज फाटलं बाई माझं."

"अम्मा, कोणी दिलं हे? तोंड बघितलंस?" निगमबाबू धापा टाकत विचारत होते. त्यांची नजर मुलावर नव्हती, घड्याळावर होती.

"बुरखा होता," मी म्हटलं.

बस. तोंडातून शब्द सुटला आणि मला एकोणतीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली, हाच शब्द, दुसऱ्याच कोणाच्या तोंडून. होळी होऊन गेली होती. मी सतरा वर्षांची, नवव्या वर्षी विधवा झालेली, डोकं भादरलेलं. नवऱ्याचं तोंड मला आठवत नाही, पण त्याच्या थोरल्या भावाचं आठवतं, कारण ते अंधारातही ओळखता यायचं, तंबाखूच्या वासाने. दिवस गेले तेव्हा सासू म्हणाली, विहीर मागच्या अंगणात आहे. एवढंच. मी विहिरीत गेले नाही. नीतीने नाही, पाण्याच्या भीतीने. मूल झालं गोठ्यात, मुलगा, आणि त्याला कुठे ठेवायचं हे सांगायला बांगड्या विकणारी रहीमन आली. ती आमच्या दारी येई, घरातल्या बायकांना बांगड्या भरी, मला भरायच्या नसत तरी माझा हात हातात घेऊन जरा वेळ बसे. तिने तिचा पांढरा बुरखा मला दिला. "हा घाल. यात बाई कोण ते अल्लालाही कळत नाही." मी तो घातला आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, एका धर्मशाळेच्या पाणपोईच्या कट्ट्यावर त्याला ठेवलं. वादळ नव्हतं, वीज नव्हती. एक माणूस चणे खात होता. कोपऱ्यापर्यंत जाऊन मी वळून बघितलं तेव्हा पाणपोईवाला ओरडत होता, बुरखेवालीने ठेवलंय, त्यांचं आहे, आपल्यातलं कोणी हात लावू नका. आणि त्याला जुलाह्यांच्या, मुसलमान विणकरांच्या गल्लीत पोचवलं. हे मला रहीमनने सांगितलं, खुशीत सांगितलं, एका विणकरणीने घेतलंय, दूध आहे तिला. मीही खूश झाले होते. दहा दिवस. अकराव्या दिवशी दंगा पेटला. गच्चीवरून धूर दिसत होता आणि सासू बोटाने गल्ल्या मोजून दाखवत होती, ही पेटली, आता ती. जुलाह्यांची गल्ली तिने मोजली तेव्हा मी डाळ निवडत होते. मी निवडतच राहिले. रहीमन त्यानंतर कधी आली नाही. मी कधी विचारायला गेले नाही. एका उसन्या कापडाने मी माझ्या पोराला धर्म दिला होता, आणि त्या आठवड्यात लोक धर्म विचारूनच माणसं कापत होते. तो वाचला असेल. नसेल. वाचला असेल तर आज कुठेतरी गिरणीत असेल, त्याला कंबरदुखी असेल, माझ्यासारखी. बुरखा माझ्याकडेच राहिला. ज्या गोधडीवर मी कानपूरची मुलं निजवते, तिचा आतला थर तो आहे.

"झालं तर मग," मिसराइन म्हणत होती. "बुरखा होता ना? प्रश्नच मिटला. समोरच्या हाजीसाहेबांना बोलवा. त्यांचा यतीमखाना आहे."

हाजी मुनव्वर समोरच्या काचसामानाच्या दुकानातून आले. जिना चढून दमले होते. टोपी काढून तिनेच वारा घेत त्यांनी ऐकून घेतलं.

"बुरख्याचं काय घेऊन बसलात, भाभी? तुमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी आमच्या घरातले बुरखे मागून नेतात आणि सिनेमाला येतात. माझ्या धाकटीचा तर परत येतो तेव्हा त्याला अगरबत्तीचा वास असतो."

"म्हणजे आमची म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठे म्हणतोय? मी म्हणतो पुरावा काय? मुलगा असता तर निदान बघता तरी आलं असतं." ते थांबले. सगळ्यांनी फडक्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे. "पोरगी. पोरीवर काय दिसणार? आणि यतीमखाना यतीमांचा आहे, आई-बाप मेलेल्यांचा. हिचे कोण मेलेत? उद्या देणगीदार माझ्याच दाढीला हात घालतील."

"आर्य समाजाचा अनाथाश्रम आहे," निगमबाबू म्हणाले.

"बुरखेवालीची पोर तिथे?" मिसराइन म्हणाली. "माझे यजमान तिथल्या कमिटीवर आहेत. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

शुबराती जिन्याच्या कठड्याला टेकून कान कोरत होता. "द्या मला," तो म्हणाला. "सहा आहेत, ही सातवी. बकरी व्यालीय परवाच. सातव्या तोंडाने काय बकरी मरणार नाही."

मुलगी झोपेत ओठ चोखत होती. पहिली भानावर आली मिसराइन.

"असं कसं? समजा आपली निघाली तर?"

"आत्ता तर आमची होती," हाजी म्हणाले.

"निघाली तर म्हणतेय मी! हिंदूची पोर मुसलमानाच्या घरात…"

"बहूजी," शुबराती म्हणाला, "आत त्या म्हाताऱ्याने उचललं तेव्हा तर तुमचे हुंदके खालपर्यंत ऐकू येत होते."

"तो मुलगा होता," मिसराइन म्हणाली. "आणि तो सिनेमा आहे."

"शुबराती, तू गप बस," हाजीही म्हणाले. "उगाच बालंट अंगावर घेशील. उद्या म्हणतील पळवून मुसलमान केली. तुला काय, तू बकरी घेऊन पळशील. दुकान माझं आहे समोर."

निगमबाबूंनी कपाळ पुसलं. "माझ्या टॉकीजमध्ये मला असलं काही नकोय. मी चौकीला कळवतो. शिपाई येईल, अम्मा सांगेल काय बघितलं ते. काय गं, अम्मा? बुरखा, आणखी काय?"

आणखी काय. मी भिंतीला पाठ लावून बसले. आणखी पाय. बुरखा तिचा नव्हता, वीतभर लांब होता, जिना चढताना तिने तो दोन्ही हातांनी वर धरला होता, मूल काखेत. तेव्हा पाय दिसले. टाचांपर्यंत लाल महावर, हिंदू नवरीच्या पायांना लावतात तो रंग, ताजा, कडा अजून ओल्यासारख्या. न्हाविणीने त्याच सकाळी बसून लावलेला. बोटांत जोडवी नाहीत. म्हणजे लग्न व्हायचंय, आज किंवा उद्या. घर पाहुण्यांनी भरलंय, आणि कोणीतरी, मावशीने, शेजारणीने, कोणत्या तरी रहीमनने, तिला तीन तासांची वाट करून दिलीय. मध्यंतरात ती बाहेर आली. मी म्हटलं, पाजून घे बाई, छाती भरली असेल. तिने मान हलवली. मुलीला हात लावला नाही, नुसती उभी राहिली. मग विचारलं, "अम्मा, तुम्ही रोज इथेच असता?" मी म्हटलं, "मी कुठे जाणार?" तिने माझ्या हातात काहीतरी ठेवलं आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली. तिचा हात भाजत होता. मध्यंतरात बायका पानासाठी मला काहीबाही देतात. हे नवे पैसे इतके हलके आले आहेत की हातात आहेत हे कळत नाही. मी न बघता बटव्यात टाकलं आणि दुसऱ्या मुलाचा लंगोट बदलायला वळले. आत गेली, असं मला वाटलं. जिना दाराला लागूनच आहे.

हे सगळं शिपायाला सांगायचं. महावर म्हटलं की पोरगी हिंदू झाली आणि शिपाई लग्नाची घरं हुडकत निघाला. संध्याकाळपर्यंत सापडते ती, मांडवातून उचलतात. नाही सांगितलं, नुसता बुरखा सांगितला, की पोरगी मुसलमान झाली, आणि कोणी उचलली नाही तर सरकारी कोंडवाड्यात गेली. मी तोंड उघडलं तरी, मिटलं तरी, या मुलीच्या कपाळावर माझ्याच हाताने शिक्का बसणार होता. एकदा मारला होता. त्याचा धूर अजून नाकात आहे. आणि मला राग आला, खूप दिवसांनी आला, पण दमलेल्या माणसाचा राग कसा असतो, उठायला बघतो आणि पुन्हा बसतो. मला त्या म्हाताऱ्या दिवेवाल्याचा राग आला. साला भाषण करतो. रोज तीनदा करतो. एकदा माझ्याजवळ येऊन बस आणि सांग मी काय करू.

तंबाखू हवी होती. मी बटव्यात हात घातला. सुपारी, चुन्याची डबी, आणि बोटाला पत्र्याची कड लागली. नव्या पैशाला कड नसते अशी. मी तो बाहेर काढला नाही. आतल्या आत अंगठा फिरवला. एकाची उभी रेघ. शेजारी सात.

तिने मूल टाकलं नव्हतं. ती विचारून गेली होती. रोज इथेच असता का? आणि मी म्हटलं होतं, मी कुठे जाणार. याहून स्पष्ट हो कोणी म्हटलं असेल?

मी बटवा मिटला. कोणाला दिसलं नव्हतं. उरलेल्या बिल्ल्यांच्या खिळ्यावर तो गुपचूप टांगून टाकता आला असता. आईनेच बिल्ला सोडून दिला, आम्ही काय करणार, असं निगमबाबूंनी कागदावर लिहिलं असतं. माझं वय सेहेचाळीस. ठाकुरद्वाऱ्याच्या देवळामागे विधवांच्या ओळीत माझी खोली आहे, ती चारित्र्यावर मिळते. चार वाजता उठून भजनाला बसलं नाही तर पुजाऱ्याची बायको कारण विचारते. तान्ह्या मुलाला घेऊन मी तिथे पायरी चढले की माझं अंथरूण बाहेर येईल. माझ्या छातीत दूध नाही. माझ्या गुडघ्यांत वंगण नाही. मी हे सगळं सावकाश मनाशी म्हणून बघितलं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. त्या दुपारीही प्रत्येक कारण खरंच होतं.

साडेसहाच्या बायका जिन्यावर जमायला लागल्या होत्या. "मॅनेजरसाहेब, पडदा उघडा की," खालून कोणी ओरडलं. निगमबाबू चौकीकडे माणूस पाठवायला निघाले.

"बाबूजी," मी म्हटलं, "भिंतीवर काय लिहिलंय?"

"काय?"

"ते लाल. तुम्हीच लिहिलंय. मला वाचता येत नाही. वाचून दाखवा."

"अम्मा, ही वेळ आहे का…"

"वाचा हो," शुबराती म्हणाला. तो कठड्यापासून सरळ झाला होता.

निगमबाबूंनी चिडून वाचलं. "'बिल्ला दाखवल्याशिवाय मूल मिळणार नाही. ज्याच्या हाती बिल्ला, त्याचं मूल. तक्रार चालणार नाही.' बरं मग?"

बिल्ला बटव्यातून केव्हाच मुठीत आला होता. मी मूठ उघडली. पत्र्याने तळव्यावर लाल कड उमटली होती. मिसराइनने पुढे होऊन आकडा बघितला, मग मुलीच्या मनगटावरचा बघितला, चष्मा लावून.

"हा तुझ्याकडे कसा आला?"

"कसा ते लिहिलेलं नाही. हाती आहे."

"तुला वेड लागलंय का, रामदेई?" चौदा वर्षांत तिने पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "विधवा बाई तू. ठाकुरद्वाऱ्यात ठेवून घेतील तुला? लोक म्हणतील तुझंच आहे!"

"म्हणू देत," मी म्हटलं. 'तुझंच आहे' हे वाक्य मला एकोणतीस वर्षं उशिरा कोणी ऐकवलं होतं.

"आणि वाढवणार काय म्हणून?" हाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच कोडं होतं. "काहीतरी म्हणून वाढवावी लागेल ना, बाई? मेली तर जाळणार की पुरणार?"

"आधी जगू द्या," शुबराती म्हणाला. "हाजीसाहेब, तुम्ही तर आत्ताच कफन मोजायला लागलात."

निगमबाबू दोन्ही बिल्ल्यांकडे बघत राहिले. त्यांना नियम मोडायचा नव्हता आणि खेळ थांबवायचा नव्हता, आणि या दोन गोष्टी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या होत्या. "मी काही बघितलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "आईने बिल्ला दाखवला, मूल नेलं. पण उद्या इथे तक्रार आली तर तुझी नोकरी गेली समज." ते गेले. हाजीही गेले, जाताना मुलीकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि हवेत फुंकर मारली, ती दुवा होती की सुटका, कोण जाणे. मिसराइनची रिक्षा आली होती. तिने ओला रुमाल उघडला, मिटला, आणि तोंडावर धरून जिना उतरली. ती पुन्हा रडत होती. मला वाटतं खरं रडत होती. त्याचा काही उपयोग नव्हता एवढंच.

बायका वर आल्या. एकामागून एक मुलं गोधडीवर आली. मी बिल्ले बांधत गेले, दोन, पाच, नऊ. शुबरातीने वाटीत पाणी आणलं, कापसाचा बोळा आणला, आणि दूध खेळ संपेपर्यंत घरून येईल म्हणाला.

"कुठल्या माठातलं आणलंस?"

तो वाटीकडे बघत राहिला. "बघितलं नाही," तो म्हणाला. मग स्वतःशीच जरासा हसला आणि खाली गेला.

"अम्मा, मला सतरा द्या ना," एक लठ्ठ बाई म्हणाली, "माझ्या सुनेचा शुभ आकडा आहे." मी म्हटलं, सतरा नाही आता. हरवला का? नाही. दिला.

पडदा ओढला. आत गाणं झालं, दुसरं झालं. मुलगी माझ्या मांडीवर होती, उन्हात ठेवलेल्या विटेसारखी गरम. उजवा पाय मुंग्यांनी बधिर झाला होता आणि हलवायची सोय नव्हती. उद्या सकाळी भजनाच्या वेळी मी कुठे असेन ते मला माहीत नव्हतं. नाव ठरवायला हवं होतं आणि मला एकही नाव असं आठवत नव्हतं की जे उच्चारल्याबरोबर कोणीतरी दार लावून घेणार नाही. मग तिसरं रीळ लागलं. गडगडाट झाला, गोधडीवरची सगळी मुलं एकदम दचकली, एकदम रडायला लागली. तिनेही डोळे उघडले, पहिल्यांदा, काळे, आणि माझ्या तोंडाकडे बघत रडायच्या तयारीत ओठ दुमडले. ते वादळ कसं करतात हे शुबरातीने मला सांगितलं होतं. मोठा पत्रा टांगतात आणि दोन माणसं तो हलवतात.

"पत्रा आहे तो," मी तिला म्हटलं. "नुसता पत्रा हलवतात गं. झोप."